नाकातले बेदाणे

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी कुंडलच्या माझ्या थोरल्या मामांकडं बोट दाखवतो. आणि घरातली वस्तू जमिनीवर पडून राहणं ज्याला स्वतःचा अपमान वाटतो असा माणूस कोण, असं विचारलं तरी माझं बोट तिथंच जातं. फौजेत वीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली उताणं झोपून काढल्यावर या माणसाला निवृत्तीनंतर आभाळाकडं बघायचं वेड लागलं. त्यांनी द्राक्षाच्या खोक्याची झाकणं उडवली, जुन्या छत्रीचं कापड उडवलं, एकदा मामीचं सूपसुद्धा उडवलं. तेव्हापासून मामी सूप हरवलं की आधी उसात बघायची आणि मग स्वयंपाकघरात.

आमच्या घरात दहावीपलीकडं कुणी गेलेलं नव्हतं. मामांनी मला स्वतःकडं ठेवून घेतलं, शिकवलं आणि सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात घातलं. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी बॅटरीवर चालणारं, रिमोटवर उडणारं छोटं विमान निवडलं. अट एकच होती: परीक्षकांसमोर ते दोन मिनिटं हवेत राहिलं पाहिजे. नाही राहिलं तर माझं वर्ष गेलं, आणि बेंगळुरूला ठरलेली नोकरीही गेली. माझी झोप उडाली. मामांनी मात्र ट्रंकेतली फौजेची टोपी काढून डोक्यावर चढवली ती महिनाभर उतरवली नाही. जेवतानाही नाही.

विमान फोमचं, हातात घेतलं तर चिमणीइतकंही ओझं वाटू नये असं. मामांनी त्याची परेड सुरू केली. विमान ओट्यावर, रिमोट माझ्या हातात, आणि मामा समोर छाती काढून उभे. "दाहिने मुड़!" मी रिमोटची काडी उजवीकडं केली आणि विमानाचं शेपूट डावीकडं वळलं. "रंगरूट हाय हे, नवी भरती," मामा म्हणाले. "मामा, रिमोटवरचं एक बटण उलटं आहे, सरकवलं की झालं." "बटण सरकव. पण चूक ती चूक." विमानाला शिक्षा म्हणून त्यांनी पाऊण तास कपाटावर भिंतीकडं तोंड करून बसवलं. मामीनं दुपारी विचारलं, "आवं, त्याला खाली घेऊ का? लेकराचा काय दोष?"

पण मामांचा खरा जीव तोलात. पंखांखाली दोन्ही बाजूंना एकेक बोट धरायचं आणि विमान आडवं, शांत राहिलं पाहिजे. आमचं मागं कलंडायचं. पुस्तकात लिहिलं होतं, नाकात शिसं घाला. मामांना ते पटलं नाही. "शिशाचा तुकडा कमी करायचा तर कानस घ्यावी लागती. बेदाणा कसा, एकेक काढता येतो." तासगावला मामीच्या माहेरी बेदाण्याचं शेड, त्यामुळं घरात मिठाला तोटा, पण बेदाण्याला नाही. मामांनी नाकाला छोटं झाकण केलं, आत पिशवी ठेवली आणि एकेक बेदाणा टाकत गेले. बेचाळिसाव्या बेदाण्याला विमान बोटांवर असं स्थिर झालं की मामांनी श्वास घेणंही थांबवलं. "बघ गड्या. नाक जड पायजे. शेपूट जड झालं की ते वर तोंड करतंय, आन् वर तोंड केलेलं लय टिकत न्हाई."

परीक्षेच्या दिवशी मामा विमान मांडीवर घेऊन एसटीनं सांगलीला आले. बरोबर मामी, आणि मामीबरोबर नारळ, कारण नवं वाहन पूजेशिवाय हलवायचं नसतं. मैदानात मी आणि मामा वारा बघायला पार टोकाला गेलो. मामा मूठमूठ माती उधळत होते. परत आलो तर विमानाला कुंकू लागलं होतं, नारळ फुटला होता आणि मामी सगळ्यांना प्रसाद वाटत होती. दोन परीक्षक, प्राध्यापक, शिपाई, सगळे तोंड हलवत होते. मामांनीही डोळे मिटून घास तोंडात टाकला.

विमान सोडलं. ते दहा हात सरळ गेलं, मग नाक वर करून उभंच राहिलं, आणि पालथं होऊन गवतात आपटलं. थोरले परीक्षक पुढं येऊन गंभीरपणे म्हणाले, "गुरुत्वमध्य मागं सरकलाय."

मामांनी नाकाचं झाकण उघडलं. रिकामं. त्यांनी मामीकडं बघितलं. "आवं, मला वाटलं तुमीच निवेदाला ठेवल्यात," मामी म्हणाली. "म्हटलं, आज कधी न्हाई ती आठवण झाली!"

"साहेब," मामा परीक्षकांना म्हणाले, "सरकला न्हाई. तुमी खाल्ला." मग टोपी काढून म्हणाले, "मी बी खाल्ला."

परीक्षक इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. पुसून झाल्यावर म्हणाले, "आणखी एकदा सोडा. पण हेच शेवटचं." बेदाणा तर एकही उरला नव्हता. मामांनी प्रसादातली खोबऱ्याची कातळी उचलली, पिशवीत गुंडाळून नाकात बसवली आणि पंखांखाली बोटं धरली. जड झालं. त्यांनी चाकूनं एक चकती काढून परीक्षकांच्या हातावर ठेवली. "ही खावा, चालती." आणखी एक काढली. विमान आडवं राहिलं.

ते साडेतीन मिनिटं उडालं. मामा खालून त्याच्यामागं पळत ओरडत होते, "शाब्बास रंगरूट!"

बेंगळुरूला निघालो तेव्हा मामांनी माझ्या खिशात एक पुडी घातली. मोजून बेचाळीस. "नाक जड ठिव रं," एवढंच म्हणाले. मोबाईलवरचं बोलणं हवेत जातं आणि कागद खिशात राहतो असं त्यांचं मत, म्हणून आठवड्यानं मी पत्र लिहिलं:

"ती. मामांस साष्टांग नमस्कार. कामावर रुजू झालो. साहेब चांगले आहेत. गळ्यात माझ्या नावाचं ओळखपत्र आहे, त्यावर पदवीही छापली आहे. मी मान खाली घालूनच चालतो, काळजी नसावी. एक चूक मात्र झाली. बेदाणे पुरवून ठेवायचं ठरवलं होतं, पण पहिल्या रविवारी खोलीवर एकटाच होतो आणि सगळे संपले. आता तोल राहत नाही. शेपूट जड झालंय, ते कुंडलकडं ओढतं. मामींना सांगून थोडे पाठवावेत. या वेळी मोजू नयेत."