तिसरी हाक

पडदा वर जावा तसं शटर खडखडत वर गेलं, आणि नवीन जालन्यातल्या त्या बियाणे कंपनीच्या ऑफिसात उजेड शिरला. मधोमध नवलकिशोर सेठची गादी, कोपऱ्यात काचेची खोली, आणि खोलीत सर्व्हरपुढे बद्रीनाथ. साल सत्त्याण्णव, पेरणीचे दिवस. बाहेर ट्रक भरून उभे होते.

भोकरदन-परतूरच्या डेपोतली माणसं टेलिफोनच्या तारेवरून याच मशीनवर काम करत. कोण आत आहे, कोण गप्प बसलंय, सगळं बद्रीनाथला दिसे. दोन शब्द टाइप केले की कुणालाही बाहेर काढता येई. पण तरुणपणी त्यानं परतूरच्या एका जिनिंगचं गोदाम सांभाळलं होतं. दमलेले हमाल तिथं कापसाच्या ढिगात झोपत, म्हणून कडी घालण्याआधी तीन हाका मारायचा दस्तूर होता, "आत कोणी हाय का?" तो दस्तूर त्यानं इथंही पाळला. आधी पडद्यावर तीन निरोप, मगच बाहेर काढायचं.

ऑफिसातले हसत. "बद्रीभाऊ, मशीनीत माणसं ऱ्हातात व्हय?"

"मंग काय उंदरं ऱ्हातात?"

त्या दिवशी भोकरदनच्या कडूबानं साठ्याची फाइल उघडून ठेवली आणि तो गप्प झाला. फाइल सुटेना, ट्रकच्या चिठ्ठ्या छापेनात. फोन करावा तर डेपोची एकुलती एक लाइन मशीननंच धरलेली. बद्रीनाथची पहिली हाक गेली. दुसरी गेली.

सेठनं काचेवर टकटक केलं. "बद्री, नाटक बहोत झालं! काढ त्याला."

"एक हाक राह्यली, सेठ."

"काढ म्हणतो ना!"

बद्रीनाथनं काढलं. चिठ्ठ्या भराभर छापल्या, परतूरचा ट्रक सुटला.

ट्रक सुटून तास होतो न होतो तोच फोन वाजला. कडूबा होता. "भाऊ, लाइन का तोडली? कपाशीचा एक लॉट चाचणीत उगवलाच न्हाई. त्याची विक्री बंद करून राह्यल्तो. खात्री कराया पुन्हा उगवणीचे ट्रे बघाया गेल्तो, तेवढ्यात..."

बद्रीनाथनं लॉटचा नंबर विचारला. तो चिठ्ठीशी ताडून पाहिला. लाइन तोडताना कडूबाचं अर्धं काम पुसलं गेलं, म्हणून मशीनच्या लेखी तो लॉट चांगलाच राहिला होता, आणि त्याच्याच बॅगा परतूरच्या वाटेला लागल्या होत्या. आज विकल्या की उद्या मातीत जाणार, आणि कित्येकांचा हंगाम त्यांच्याबरोबर.

सेठचा चेहरा उतरला. माणूस वाईट नव्हता, घाई वाईट होती. "जल्दी परतूरला फोन लाव!"

एंगेज. तिथली बेबीनंदाही मशीनवर.

"मंग काढ तिलाबी! लाइन मोकळी व्हईल," सेठ म्हणाला.

पडद्यावर परतूरचं नाव होतं, गप्प. ती कसल्या अर्ध्या कामात असेल, कोण जाणे. बद्रीनाथनं टाइप केलं, 'बेबीनंदा, ट्रक उतरवू नको.' उत्तर आलं नाही. पुन्हा तेच टाइप केलं. सेठचा हात त्याच्या खांद्यावर आला.

"काढ ना रे, बद्री!"

बद्रीनाथनं मान वर केली नाही.

"थांबा, सेठ. तिसरी हाक राह्यली."