सुरात वाजलेला रूळ

माझ्या सासऱ्यांनी मला जेवढे धक्के दिले, तेवढे साऱ्या मराठवाड्यात कुठल्या सासूनंही कुठल्या सुनेला दिले नसतील. पहिला धक्का तर लग्नाआधीच बसला. आम्ही कन्नडचे, घाटाजवळचे, शेतीवाडीतले लोक. पोलीस ॲक्शन होऊन थोडी वर्षं लोटली होती, निजामाची रेल्वे सरकारची झाली होती, आणि औरंगाबादला रुळांचे इन्स्पेक्टर असलेले हे गृहस्थ आपल्या मुलासाठी मला बघायला आले होते. मी पोह्यांच्या बश्या ठेवल्या, नमस्कार केला आणि आता स्वयंपाकाचं विचारतील म्हणून मान खाली घालून बसले. ते म्हणाले, "मुलीच्या चपला आणा." वडिलांच्या हातातला अडकित्ता सुपारीवर तसाच राहिला. चपला आल्या. त्यांनी त्या उलट्या केल्या, टाचेवरून अंगठा फिरवला, डोळ्यासमोर आडव्या धरून एक डोळा मिटून पाहिलं आणि जाहीर केलं, "दोन्ही सारख्याच झिजल्यात. पोरगी सरळ चालणारी आहे. पसंत." आई आत जाऊन रडली. तिला वाटलं, लेक वेड्याच्या घरात पडली.

वेडे ते नव्हते. पण जगात झिजण्याखेरीज दुसरं काही घडत असतं यावर त्यांचा विश्वास नव्हता. वळणावर गाडीची चाकं बाहेरच्या रुळाची कड कशी खातात, सांध्यापाशी रूळ मार खाऊन कसा दबतो, हे ते जेवताना भाकरीवर बोटानं दाखवायचे. आणि ती भाकरी मग कुणाला खाववत नसे. खुलताबादला आम्ही दर्ग्यात गेलो, तर मामंजी दगडी उंबऱ्यापाशीच बसले आणि त्याच्या खळग्यात तळहात ठेवून डोळे मिटून घेतले. केवढी ही भक्ती म्हणून मुजावरांनी त्यांना जास्तीचा प्रसाद दिला. घरात बाहेरच्या खोलीत, लोकांकडे जिथं तसबिरी असतात तिथं, मोडक्या रुळांचे तुकडे मांडलेले. खंडेनवमीला लोक अवजारांची पूजा करतात. मामंजी त्या तुकड्यांना हळद-कुंकू वाहायचे. सासूबाईंना मी आत्या म्हणायची. त्या दरवर्षी कपाळाला हात लावायच्या, "मोडक्याची कसली पूजा करता?" त्यावर ते शांतपणे म्हणत, "चांगल्या रुळानं मला काय शिकवलं? काय नाय. जे शिकवलं ते यांनी."

त्यातून हातात सदा एक हातोडी. रूळ ठोकायचा, कान द्यायचा. खणखणीत वाजला तर निरोगी, बद्द वाजला तर आत काहीतरी बिघडलंय. ही तपासणी रुळांपुरती राहती तर बरं होतं. बाजारात ते माठ ठोकत, पातेली ठोकत, दाराच्या चौकटी ठोकत. शेजारच्या तिकीटबाबूंच्या बेगम एकदा नवी सुरई कौतुकानं दाखवायला आल्या आणि तिचा अर्धाच भाग घेऊन परत गेल्या. "अजी, मेरी सुराही फोड डाले इनो!" असं त्या रेल्वे क्वार्टरच्या कंपाउंडभर सांगत होत्या. मामंजींना मुळीच पश्चात्ताप नव्हता. "आवाज बद्द होता. आज ना उद्या फुटलीच असती," म्हणाले.

लग्नानंतर काही दिवसांतच माझ्या रुखवतातला हातआरसा नाहीसा झाला. शोधता शोधता मी परसदारी आले आणि समोर लाइनीवर पाहते तो काय! मामंजी रुळाला गाल लावून आडवे. लग्नाआधी मी रेल्वे जवळून पाहिली नव्हती, पण माणूस रुळावर आडवा का होतो एवढं ऐकून होते. "धावा हो! मामंजी जीव देताहेत!" असा मी जो टाहो फोडला, त्यानं सारं कंपाउंड पळत आलं. बेगमही आल्या. मामंजी उठून बसले. हातात माझा आरसा. रुळाच्या पोटाखालची बाजू बघण्यासाठी नेला होता. ते माझ्याहून जास्त हादरले होते. "सूनबाई," ते म्हणाले, "गाडीच्या वेळा ठाऊक नसताना लाइनीवर येत असतात व्हय?"

पण खरा धक्का त्यानंतरच्या पौषात बसला, आणि तो हसण्यासारखा नव्हता.

आत्यांच्या बहिणीच्या नातवाचं बारसं होतं. आम्ही दोघी सकाळच्या गाडीनं मनमाडकडे निघालो. थंडी अशी, की डब्यातल्या बायका एकमेकींना चिकटून बसलेल्या. बायकांचा डबा सगळ्यात शेवटी होता. पडेगावच्या पुढं वळणावर बंदूक सुटावी तसा आवाज झाला. डबा उडाला, खडखडत फरफटला आणि एका अंगाला कलून थांबला. सगळ्या बायका एकदम ओरडल्या. लोकांनी आम्हाला दारातून ओढून बाहेर काढलं. देवाची कृपा, जीव कुणाचा गेला नाही. पण आत्यांचं मनगट मोडलं होतं आणि एका बाईच्या कपाळातून रक्त थांबत नव्हतं.

मामंजी ट्रॉलीवरून आले. चार माणसं ढकलत होती, तरी ते मध्येच उडी टाकून पळत सुटले. आम्ही बांधावर बसलो होतो. आमच्या समोरून ते गेले आणि त्यांनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तुटलेल्या रुळापाशी जाऊन बसले. आत्या कण्हत म्हणाल्या, "बघ. रूळ आधी, बायको मागून." मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला. मी तरातरा त्यांच्यापाशी गेले आणि म्हणाले, "मामंजी, आत्यांचा हात मोडलाय!"

त्यांनी वर पाहिलं. तसा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. रुळाचा तुटलेला भाग त्यांनी मला बोटानं दाखवला. कडेनं लोखंड साखरेसारखं चमकत होतं, ते आत्ता तुटलेलं. पण आत, मधोमध, आंब्याच्या कोयीएवढा काळपट डाग होता. ती चीर जुनी होती. वरून काही न दिसता आतल्या आत वाढत गेलेली.

"काल मीच ठोकला होता," ते म्हणाले. "सुरात वाजला, सूनबाई. चांगला सुरात वाजला."

चौकशी बसली. रोज लाइन पायी फिरून खुंट्या घट्ट करणारा एक चावीवाला होता. त्या सकाळीही तो तिथून गेला होता. साहेबलोकांचा रोख आधी त्याच्यावरच गेला. त्याच्या घरी चूल पेटली नाही असं कानावर आलं. मामंजी न बोलावता साहेबांपुढं उभे राहिले. "तो बिचारा अंधारात गेला. मी आदल्या दिवशी लख्ख उजेडात तपासून पास केला. काय करायचं ते माझं करा." अखेर निकाल लागला, की रूळ ओतला तेव्हापासूनच खोट आत होती, आणि ती कुणालाही ओळखू आली नसती. दोघंही सुटले. घरात आम्ही पेढे आणले. मामंजींनी पेढा हातात घेतला आणि तो तसाच धरून बसून राहिले. दोष निघाला असता तर त्यांना सोसला असता. कुणाचाच दोष नाही, हे काही त्यांना सोसेना.

त्या दिवसापासून हा माणूस बदलला. आत्यांचा हात प्लास्टरमध्ये होता, तेव्हा रोज संध्याकाळी शेजारी बसून ते विचारायचे, "दुखतंय का? कुठं दुखतंय? बोलत जा." आत्यांची तर बोबडीच वळायची. "आजवर ताप आला तरी यांनी विचारलं नाय गं," त्या मला स्वयंपाकघरात कुजबुजत. "मला तर भ्याच वाटतं." पण पुढं पुढं त्या सांगू लागल्या. गुडघ्याचं, झोपेचं, लहानपणी गेलेल्या एका लेकीचं. ते ऐकत.

मामंजी जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. पण त्यांच्या निवृत्तीनंतरची एक दुपार अजून आठवते. मी अंगणात डाळ वाळवत होते. तोवर माझी मुलं शाळेत जाऊ लागली होती, घर माझ्या हाताखाली आलं होतं, आणि मी सुखात आहे असं सगळेच म्हणत. मीही म्हणत असे. मामंजी बाजेवर बसून बराच वेळ माझ्याकडे पाहत होते. मग एकाएकी म्हणाले, "सूनबाई, कन्नडची लई आठवण येती का हो?"

एवढ्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी डाळीवरून हात फिरवत राहिले. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. मामंजी बाजेवर थोडे सरकले आणि त्यांनी माझ्यासाठी जागा केली.