पेढीच्या पहारेकऱ्याचे डोळे: जोहे, पेण, रोहा

जोह्याहून रोहा काय लांब नाय. सकाळी निघालं की जेवायच्या वक्ताला पोचता येतं आणि दिवेलागणीला परत घरी. पण मला निघायला अकरा दिवस लागले. रोज सकाळी पिशवी भरायची नि दुपारी रिकामी करायची. कारण पिशवीत दुसऱ्याचा फोटो होता आणि तो मी बिघडवला होता.

झालं असं. आमच्या शाळेतल्या बाईंनी एक प्रदर्शन मांडलं. आपल्या भागातले जुने नदीकाठ, जुन्या पेढ्या, बँका, यांचे फोटो. आमचे हे रोह्याच्या एका जुन्या पतपेढीच्या पेण शाखेत कारकून होते, म्हणून बाई पहिल्या माझ्याच दारात. आता आमच्या ह्यांनी जाताना मागं ठेवलं काय, तर एक चष्मा, एक छत्री आणि रोह्याचा एक दोस्त. छत्री मोडली. दोस्त अजून हाय, हसनभाई. पेढीत दोघं बरोबरीनं नोकरी केलेले. मी फोन केला तर त्या बिचाऱ्यानं भिंतीवरची तसबीर काढली नि ओळखीच्या कंडक्टरच्या हाती एसटीनं पाठवून दिली.

फोटो बघण्यासारखा. कुंडलिकेचा काठ, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, मागं पेढीची कौलारू इमारत. पायऱ्यांवर बारा माणसं. खुर्च्यांवर मॅनेजर नि पंचमंडळी, मागं टोप्या घातलेले कारकून, आणि पार टोकाला काठी घेऊन पहारेकरी. तो पहारेकरी म्हणजे हसनभाईंचे अब्बा. त्यांचा जगात हा एकच फोटो. आणि त्यात त्यांचे डोळे मिटलेले.

प्रदर्शन झालं. परत पाठवताना बघते तर काचेच्या आत बुरशी. म्हटलं, पुसून देऊ. काच काढली, कापसानं हळूहळू पुसलं. इथपर्यंत मी शहाणी होते. पण मी तीस वर्षं गणपतीच्या कारखान्यात आखणी करते. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचे. आमच्याकडं डोळे काढल्याबिगर मूर्ती दाराबाहेर जात नाय. बाकी रंग कमीजास्त चालेल, पण बिनडोळ्यांचं तोंड बाहेर धाडायचं नाय. ब्रश बाजूला ओला होता. अब्बांचं तोंड समोर. हात आपला आपण गेला, खोटं नाय सांगत. मागं सरून बघितलं. लांबट, पाणीदार, कानाकडं गेलेले डोळे. पेढीच्या दारात साक्षात गणपती काठी घेऊन उभा.

म्हटलं, कळवू सावकाश. तेवढ्यात हसनभाईंचाच फोन. "भाबी, फोटो कधी आणताय? मरियम येतेय शुक्रवारी मस्कतहून. तिला अब्बांचा फोटो मोठा करून न्यायचाय." मरियम त्यांची धाकटी बहीण. अब्बा गेले तेव्हा ती पाळण्यात. मी म्हटलं, "आणते की." आणि फोन ठेवला.

बुधवारी निघाले. एकटीनं जायची हिंमत नव्हती म्हणून धाकट्या जावेला, सुमीला, बरोबर घेतलं. सुमी कुठंही झोपते नि उठली की खाते, त्यामुळं प्रवासाला बरी.

जोह्याहून पेणला एसटी हाय, पण तिच्या वेळेवर भरवसा ठेवू नका. आम्ही शेअर रिक्षानं गेलो. मागं तिघी नि मांडीवर फोटो. खड्डा आला की मी काचेला कान लावायची. सुमी म्हणाली, "बाय, पोर असल्यासारखी काय धरून बसलीस?"

"पोर असतं तर रडलं असतं," मी म्हटलं. "हे बघतंय नुसतं."

पेणला उतरले ती एका आशेवर. बाजारात एक जुना फोटो स्टुडिओ हाय. आता पासपोर्ट फोटो नि झेरॉक्स चालतं, पण मालकाच्या वडलांनी एके काळी पेण-रोह्याकडं कुठं कुठं जाऊन फोटो काढले. या फोटोची दुसरी प्रत तिथं निघाली तर माझी सुटका. तुम्ही पेणला गेलात तर हा स्टुडिओ बघाच. आतल्या भिंतीवर भोगावतीचा जुना काठ हाय, धुणं आपटणाऱ्या बायका नि पाण्यात उभे बैल. धरमतरच्या खाडीत शिडाच्या होड्या हायत. एका पेढीच्या उद्घाटनाचा फोटो हाय, दाराला तोरण, आणि तिजोरी उचलून आणणारे सहा हमाल. पंच सगळे हसतायत, हमाल एकही हसत नाय. बघायला पैसे नाय पडत, पण पासपोर्ट फोटो काढून घ्या, तेवढंच त्याला बरं.

मालक, तात्या म्हणतात त्यांना, यांनी दोन खोकी उपसली. रोह्याचा पूर निघाला, जत्रा निघाली, पेढी नाय निघाली. मग मी पिशवीतला फोटो दाखवला नि हसनभाईंचं सांगितलं. त्यांनी भिंग लावलं. आधी खांदे हलायला लागले, मग चष्मा काढून डोळे पुसले.

"हसू नका हो," मी म्हटलं. "निघंल काय ते सांगा."

"रंग पाण्यानं निघंल," तात्या म्हणाले. "पण बुरशीनं वरचा थर सुटलाय. पाणी लावलं तर डोळ्यांबरोबर तोंडपण जाईल."

तात्यांना माझी दया आली असावी. म्हणाले, "कॉम्प्युटरवर घेतो. डोळे मिटून नवी प्रत काढून देतो. तुमच्या भाईंना कळायचं नाय. फक्त मिटलेल्या पापण्या पायजेत कुणाच्यातरी. जरा वयातल्या."

आम्ही दोघांनी एकदमच बाकड्याकडं बघितलं. सुमी भिंतीला डोकं टेकून गाढ झोपली होती.

तासाभरात प्रत तयार. मूळ तसबिरीच्या चौकटीसारखी जुनी चौकटपण मिळाली. सुमी उठली नि म्हणाली, "काय झालं गो बाय? माझ्याकडं बघून काय हसता?"

"काय नाय. पेढीत नोकरी लागली तुला."

मग पापण्यांचं सांगितलं तिला, तीपण हसली. आता पिशवीत दोन फोटो. एक खरा नि खोट्या डोळ्यांचा. एक खोटा, पण दिसायला खऱ्यासारखा. कुठला द्यायचा ते मी ठरवलं नव्हतं. ठरवलं नव्हतं म्हणते, पण नवा वरच्या बाजूला ठेवला होता.

स्टँडजवळ मिसळ खाल्ली. सुमीनं माझीपण खाल्ली. हसनभाईंच्या घरी न्यायला पोह्याचे पापड घेतले. पापड दुकानात चाखून घ्या, मिरीचा जास्त चांगला. मग रोह्याची एसटी. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळं खिडकी मिळाली की मनाला फुकट बसल्यासारखं वाटतं. वडखळपर्यंत धूळ. नागोठण्याला गाडी जरा थांबते, मोकळं व्हायचं असेल तर तिथंच होऊन घ्या. पुढं भिसे खिंड. वळणावळणाचा चढ, दोन्ही बाजूंनी झाडी, खाली शेतातून वाल फुललेले. लोक या खिंडीचे फोटो काढतात. मी डोळे मिटून बसले होते. ड्रायव्हरनं ब्रेक मारला की मनात यायचं, फुटू दे. एकदाच फुटू दे, म्हणजे सांगायला बरं. गाडी काय हळू, काय जपून चालवली त्या माणसानं.

रोह्याला स्टँडवरून रिक्षानं नदीवर गेलो. हसनभाईंचं घर काठाच्या मागच्याच गल्लीत, पण मी सुमीला म्हटलं, आधी पेढी बघू. खरं म्हणजे मला वेळ काढायचा होता. काठाला आता चालायला फरशी हाय, बाकडी हायत. जुन्या पायऱ्यांतल्या खालच्या चार-पाच तेवढ्या दिसतात. पेढी केव्हाच मोठ्या बँकेत गेली. त्या जागी खाली मोबाईल दुरुस्ती नि वर इंग्रजीचा क्लास, पण जांभ्या दगडाचं जोतं तेच, फोटोतलं. मी फोटो हातात धरून जागा शोधली. मॅनेजरची खुर्ची होती तिथं आता उसाच्या रसाची गाडी. आणि टोकाला, जिथं अब्बा उभे होते, तिथं सुमी उभी रस पीत होती. मी तिला म्हटलं, "तिथनं हल गो."

"का? बरी सावली हाय."

"हल म्हणते ना."

हसनभाई दारातच उभे होते. पांढरी दाढी, हातात चष्मा. सूनबाईनं चहा नि नारळाची सांदणं पुढं ठेवली. भिंतीवर तसबिरीच्या जागी पांढरा चौकोन, खिळा तसाच. त्या चौकोनाकडं बघितलं नि मी वरचा फोटो काढून दिला.

त्यांनी चष्मा लावला. बोट काचेवरनं सावकाश फिरवत टोकाला नेलं. "अब्बा," म्हणाले, आणि फोटो उचलून आपल्या दोन्ही डोळ्यांना लावला. मग म्हणाले, "भाबी, लय साफ झालाय. मला वाटलं होतं, बुरशीनं गेला आता. तुम्ही वाचवलात."

सुमीनं पदर तोंडात कोंबला. मला वाटलं हसते, पण बघते तर तिच्या डोळ्यांत पाणी. तिच्या पापण्या होत्या ना त्या. मला ते नाय बघवलं. मी उठून उभी राहिले, दुसरा फोटो काढला आणि सगळं सांगितलं. ब्रश, तात्या, बाकडं, सगळं. शाळेत उभं राहून पाढे म्हणायचे तसं, मध्ये न थांबता.

हसनभाईंनी खरा फोटो घेतला. बघत राहिले.

"हे अब्बांचे डोळे नायत," ते म्हणाले.

"नायत."

"अब्बांना एकच डोळा होता, भाबी."

मी खाली बसले.

मग त्यांनी सांगितलं. तरुणपणी माडावरनं झावळी पडली नि एक डोळा गेला. गावात लोक काय म्हणून हाका मारायचे ते अम्मीला सहन व्हायचं नाय, म्हणून घरात त्या डोळ्याचं नाव काढायचं नाय असा नियम. फोटोवाला आला तेव्हा अब्बांनी दोन्ही मिटले. "घरी येऊन अम्मीला म्हणाले, एकच मिटला असता तर वाटलं असतं मी मॅनेजरसाहेबाला डोळा मारतोय."

हसनभाई हसले. मीपण हसले. ते आधी थांबले, माझं हसू अर्धं तोंडावर राहिलं.

"मी एक मिटून देऊ?" मी हळूच विचारलं. "पातळ रंगानं होईल."

"नको." चष्मा काढला त्यांनी. "मरियमला हे कुणी सांगितलंच नाय कधी. तिला वाटतं, अब्बांना झोप येत होती. मिटलेला फोटो असता तर आताही नसतं सांगितलं. आता हे डोळे बघून ती खूश होईल, म्हणंल अब्बा किती देखणे होते. मग मला सांगावंच लागंल." मग फोटो मांडीवर ठेवून म्हणाले, "भाबी, तुम्ही वाईट मनानं नाय केलं. पण परत कुणाच्या बापाला हात लावू नका."

एवढंच. आवाज चढवला नाय. चढवला असता तर बरं झालं असतं.

निघताना खरा फोटो त्यांनी खिळ्याला लावला. खोटा सुमीच्या हातात दिला. "ह्या पापण्या यांच्या, यांनीच न्याव्यात." सुमीनं तो घेतला आणि पहिल्यांदाच सांदण ताटात ठेवून उठली. शेवटच्या एसटीची वाट बघू नका, चार-साडेचारची धरा. आम्ही तीच धरली. परतीला सुमी झोपली नाय.

रविवारी दुपारी फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता.

"मी मरियम. हसनभाईंची बहीण. डोळे तुम्ही काढलेत?"

"व्हय," मी म्हटलं.

"भाईनं सगळं सांगितलं. मला रागबिग नाय. एकच विचारायचं होतं. कुठला डोळा नव्हता?"

"हसनभाईंना नाय माहीत?"

"आधी म्हणाला डावा. मग म्हणतो, उजवा असंल. तो पण लहानच होता, आणि घरात कुणी बोलायचं नाय. दुसरं कोण राहिलं नाय आता विचारायला. तुम्ही तर काच काढून, जवळनं बघितलंत. एक पापणी आत गेलेली असंल ना? कुठली?"

मी डोळे मिटून आठवायला लागले. पायऱ्या आठवल्या. काठी आठवली. टोपीची घडी, मिशीचं टोक, सदऱ्याचं तुटकं बटण, सगळं आठवलं. पापण्यांवर आले की माझेच दोन डोळे दिसायचे, लांबट, पाणीदार.

"मी बघितलं नाय गो," मी म्हटलं. "मी फक्त काढले."

"बरं," ती म्हणाली. मग तिनं पापडाचं विचारलं, कुठल्या दुकानातले, मस्कतला न्यायचेत म्हणाली. मी दुकान सांगितलं, मिरीचे घे म्हटलं, आणि फोन ठेवला.

रोहा बघून या. नदी चांगली हाय, दिवसात होतं, खर्च फार नाय. मी मात्र अजून रोज तेच करते. हात कामावर असतो नि मनात त्या पापण्या शोधते. त्यांच्याकडं इतक्या जवळनं शेवटचं बघणारी मीच होते. आणि मी बघत होते ते ब्रशला रंग जास्त तर नाय ना झाला, एवढंच.