लेहची गाडी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे ताडपत्री शिवली. गाडीच्या हुडाची, मागच्या अंगाला फाटलेली. माझी बायको इंदू आत बसली, मी बाहेर उभा. मी दाभण आत ढकलायचो, ती ओढून घ्यायची, पुन्हा बाहेर ढकलायची. मधे ताडपत्री, म्हणून एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं. एकदा दाभण माझ्या बोटात गेलं तर आतून म्हणते, "ड्रायव्हरले दखात नही का?"

मग तिनं विचारलं, बंद गाडीचा तो पार्ट कधी येणार. मी म्हटलं, "सकाय देखसूत." आमच्या बोलीत सकाय म्हणजे सकाळ, आणि सकाय म्हणजे उद्या पण. तिनं दातानं दोरा तोडला.

पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही. तिच्या भावाला नाही, देवापुढंही नाही. तुम्हाला सांगतो — तुम्ही काही उद्या माझ्या ओट्यावर येऊन बसणार नाहीत. चौथी शिकलेला माणूस मी. फिरवून लिहिता येत नाही म्हणतो, आणि फिरवतोच आहे.

आधी गाडीचं सांगतो. मिलिटरीनं लिलावात काढलेला ट्रक, हिरवा, पेट्रोलवरचा. धुळ्याच्या भंगारवाल्याकडून मी तो कापूस वाहायला आणला. धरणगावजवळचं आमचं गाव, वेचणीच्या दिवसांत गाडी घरची असलेली बरी. पण इंदूनं तिला एक फेरी मारली, दारावरून हात फिरवला आणि म्हणाली, "ही तर लेहनी गाडी." झालं. कापूस राहिला बाजूला.

लेह कुठून आलं? माझ्याच तोंडून. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी मिलिटरीचा माल घेऊन लेहला गेलो होतो, हे सगळ्या गावाला माहीत. तिथला बर्फ, ती उंच खिंड, खिंडीतली चहावाली म्हातारी — तिनं मला मिठाचा चहा पाजला, वर लोण्याचा तवंग. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली की त्या चहाची चव मलाच जिभेवर येते.

इंदू तयारीला लागली. उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे वाळत घातले, दोन डबे गच्च. भाकरीला कळण्याचं पीठ, मिरच्या, शेव. हुडाच्या आतल्या लोखंडी कमानीला आरशासाठी आकडा — तोही माझ्याकडून नाही, स्वतः तार वळून. मोबाइलवर त्या रस्त्याचे व्हिडिओ बघायची. खिंड आली की बोट ठेवून थांबवायची आणि मला हाक मारायची, "आयकतस का? तुम्हनी चहावाली कोठे शे यामा?" मी म्हणायचो, मेली असेल आता. ती म्हणायची, मग सून असेल. त्या बाईची ओटी भरायची म्हणून तिनं एक खण आणि नारळ गाडीतल्या पेटीत ठेवला होता. नारळ सुकला की बदलायची.

एकदा म्हणाली, तिथं उंचावर डाळ शिजत नाही म्हणे, तुम्ही काय खात होतात? मी म्हटलं, डाळच. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कुकर व्हई." तिनंच मला वाट काढून दिली.

तुम्हाला कळलंच असेल. मी लेहला गेलेलो नाही. कधीच नाही.

पण एवढंच असतं तर मी केव्हाच हसत कबूल झालो असतो. ड्रायव्हर लोक थापा मारतात, कोणाला नवल? इंदू चार दिवस चिडवून मोकळी झाली असती.

तेव्हा झालं असं. मालकाची गाडी मी दारू पिऊन सोनगीरच्या पुढं नाल्यात घातली. मालकानं हाकललं. इंदूला सातवा महिना होता. घरी कोणत्या तोंडानं जायचं? तिथल्याच एका ढाब्यावर भांडी घासायला राहिलो आणि ओळखीच्या एका ड्रायव्हरजवळ निरोप दिला — सांग, लेहला गेला, मिलिटरीचा माल आहे, वेळ लागेल. सोनगीरहून आमचं गाव किती? दुपारची एसटी धरली तर दिवेलागणीला घरात.

तोच ड्रायव्हर परत आला. कढईत माझे हात कोपरापर्यंत राखेचे. म्हणाला, "तुले पोर व्हयनी. पन दूध पेत नही. घर जाय."

मी गेलो नाही.

का गेलो नाही, हे मी स्वतःला खूप वेळा विचारलंय. पैसे होते. गाडी समोर थांबत होती. दोन वेळा जाऊन फाट्यावर उभा राहिलो. पण मी लेहला होतो ना — लेहहून माणूस एका दुपारीत कसा येईल? खोटं उघडं पडेल एवढीच भीती. दुसरं काही नाही. पोरीचं बारसं व्हायच्या आधीच ती गेली. तिला नाव नाही. मी घरी गेलो तेव्हा धुळ्याच्या बाजारातून जर्दाळू घेऊन गेलो, तिकडचे म्हणून.

इंदू रागावेल असं वाटलं होतं. तिनं मला पाणी दिलं. म्हणाली, "तुम्ही तठे बरफमा व्हतात. काय करतात?" सगळं आयुष्य तिनं मला याच एका गोष्टीवर माफ केलं. पुन्हा मूल झालं नाही, तेव्हाही बायकांनी, होती ती पोर गेली तेव्हा बाप कुठं होता, असे टोमणे मारले तर म्हणायची, त्यांचा काय दोष, ते बर्फात होते.

आणि गाडी आली तेव्हा म्हणाली, "ती गयी तवय जठे तुम्ही व्हतात, ती जागा माले देखनी शे." फिरायला जायचं नव्हतं तिला. बर्फही बघायचा नव्हता.

मग मी काय केलं? इंजिनात डेल्को असतो, त्याच्या टोपणाखाली एक रोटर फिरतो. अंगठ्याएवढी चीज. तो काढला की ठिणगी पोचत नाही, गाडी नुसती खाकरते. मी तो काढला. तिला सांगितलं, पार्ट गेला, जबलपूरहून यायचाय. रोटर ठेवला बंडीच्या आतल्या खिशात. तिच्या हाताला लागू नये म्हणून बंडी मीच धुवायला लागलो. ती शेजारणींना कौतुकानं सांगायची — म्हातारपणी आमचे हे कपडे धुतात. सांगायचं एकदाचं, असं कितीदा मनात आलं. सकाय, म्हटलं. दरवेळी सकाय.

ताडपत्री शिवली त्या रात्री जेवली, झोपली. पहाटे उठलीच नाही. चहा करून हाक मारली तेव्हा मला कळलं.

सकाळी माणसं जमली. सवाष्ण गेली म्हणून बायकांनी हिरवी साडी काढली, आणि ओटीला नवा खण कुठं आहे विचारलं. मी गाडीतली पेटी दाखवली. जी बाई कधी नव्हतीच तिच्यासाठी ठेवलेला खण, इंदूच्याच ओटीत गेला. नारळ ताजा होता.

तिचा भाऊ शांताराम अंगणात उभा होता. गाडी दारातच. म्हणाला, "दाजी, गाडी रस्त्यावर ल्या. तिरडी बांधाले जागा नही."

मी खिशाला हात लावून पाहिला. टोपण उघडायचं, रोटर बसवायचा, चावी फिरवायची. बिडी पेटवायला लागतो तेवढा वेळ. आता तिला ऐकू जाणार नव्हतं. मग भीती कोणाची होती?

मी म्हटलं, "चालू व्हत नही ती. पार्ट येल नही."

"हा, अक्का सांगे," शांताराम म्हणाला, आणि त्यानं पोरांना हाका मारल्या.

पाचसहा जण लागले. कोणी चाकाला, कोणी मागच्या फळीला. मीही गेलो. शांताराम म्हणाला, तुम्ही राहू द्या दाजी. मी राहू दिलं नाही. तिला खांदा द्यायच्या आधी मी त्या गाडीला खांदा लावला, रोटर छातीशी टोचत होता, आणि सगळ्यांबरोबर जोर केला. गाडी हलली.