तिबेटचा म्हातारा आणि आमचा हौश्या

गेल्या शनिवारी दुपारी इकडे परदेशात, ॲडम्सटाउनच्या आमच्या घरात तिबेटचा एक हट्टी म्हातारा आला होता... टीव्हीवर. त्याच्यामुळे घरात जे झालं ते सांगते. मी सांगतेय आणि सून टाईप करतेय. मला अक्षर येत नाही, त्यामुळे मधे तिनं काही गाळलं तर ते पाप माझं नाही.

मी साताऱ्याकडची. लेकाकडे तीन महिन्यांसाठी आलेय, त्यातले तीन आठवडे उरलेत. नात ईरा बारा वर्षांची, तिला शाळेत डोंगरातल्या लोकांवर प्रोजेक्ट करायचंय, म्हणून हा सिनेमा लावलेला.

आधी घरातलं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गावाकडे आमचा हौश्या नावाचा बैल आहे. म्हातारा झालाय, कामाचा राहिला नाही. मी इथे असल्यामुळे शेजारचे तात्या त्याला वैरण घालतात, पण त्यांचेही गुडघे आता ऐकत नाहीत.

म्हणून माझ्या लेकानं, प्रसादनं, फोनवरच ठरवून टाकलं... मंगळवारच्या बाजारात हौश्याला देऊन टाकायचं. मला म्हणाला, "आई, तुझी कंबर बघ आणि त्याचं वजन बघ." मी भाकरी थापत होते, थापतच राहिले. त्यानं तो होकार धरला.

तर सिनेमा. बोली तिबेटी आणि खाली पाट्या इंग्रजी, म्हणजे माझी दोन्हीकडून सुटका. ही तिघं पाट्या वाचत होती, मी आपली माणसं बघत होते... आणि याक. याक म्हणजे म्हशीनं स्वेटर घातलाय असं समजा.

म्हातारा काळ्या तंबूत राहतो, कळपामागं डोंगर चढतो-उतरतो. त्याच्या पोराकडे मोटारसायकल आहे. पोराला कळप विकून खाली शहरात घर करायचंय, बापालाही न्यायचंय. खोटं कशाला बोलू, मला पोराचंही पटत होतं. तसल्या थंडीत रोज उघड्या हातांनी शेण गोळा करायला मला तरी कोणी सांगू नये.

मग ट्रक आला. एकेक करून सगळे याक चढवले. शेवटी एक थकलेला याक राहिला, आणि म्हातारा जाऊन त्याच्यापुढे बसला... गप्प. पोरगा ओरडतोय, ट्रकवाला वैतागलाय, हा तोंड उघडेना.

प्रसाद म्हणाला, "काय हट्टी माणूस आहे."

"तो याक विकायचा नाहीये," मी म्हटलं. "देवाला सोडलेला आहे. कानात लाल फीत बघ की."

ईरा म्हणाली, "आजी, सबटायटलमध्ये नथिंग लाइक दॅट."

"पाटीत नसेल. कानात आहे." आमच्याकडेही देवाच्या नावानं वळू सोडतात. त्याला कोणी दावं लावत नाही, कोणी विकत नाही. तिबेट काय आणि सातारा काय.

ट्रक त्या एका याकाशिवाय गेला, पोरगा रागावून शहराला गेला. आणि नंतर सिनेमानंच सांगितलं... पोरगा लहानपणी आजारी होता तेव्हा बापानं नवस बोलून तो याक सोडला होता. पोराला पत्ताच नाही. ईरानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी हा सिनेमा आधीच चोरून पाहिलाय.

मला मात्र म्हाताऱ्याचाच राग आला. "अरे बाबा, तोंडानं बोलायचं ना. पोरानं काय तुझ्या कपाळावर वाचायचं?" असं मी टीव्हीला मोठ्यानं सुनावलं.

तेव्हा सून हळूच म्हणाली, "आई, तुम्ही तरी कुठे बोलता? परवा बैलाचा विषय निघाला तेव्हा तुमची भाकरी फाटली. तुमची भाकरी कधी फाटत नाही."

प्रसादनं टीव्ही थांबवला. ईरा प्रेसमधून, म्हणजे आपल्या कपाटातून, बिस्किटं काढायला उठली होती, ती तिथेच उभी राहिली. मग मला बोलावंच लागलं.

हे गेले त्या दिवसाची गोष्ट. प्रसाद इथून निघाला होता, पोचला नव्हता. यांनी मला खिडकी उघडायला सांगितली, गोठ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हौश्याला आपल्याच दावणीला म्हातारा होऊ दे." मी हो म्हटलं. त्यानंतर ते काही बोलले नाहीत.

प्रसाद विमानतळावरून तसाच धावत आला आणि आल्या आल्या विचारलं, "बाबा काही म्हणाले का?" आता बापाचं शेवटचं बोलणं बैलाबद्दल होतं, तुझ्याबद्दल नव्हतं, हे पोराला कसं सांगायचं... मी म्हटलं, "झोपेतच होते रे." सहा वर्षं ते तसंच राहिलं.

प्रसाद खाली मान घालून बसला. खांदे हलायला लागले, मला वाटलं रडवलं मी याला. बघते तर हसत होता... डोळे पुसत हसत होता. "म्हणजे शेवटीसुद्धा हौश्याच," म्हणाला. "माझ्या लग्नात वरात थांबवून त्याला पाणी पाजायला गेले होते ते."

मग तिथूनच त्यानं तात्यांना फोन लावला. बाजाराचं रद्द. तात्या म्हणाले, "बरं झालं बाबा, दावं सोडायला माझाही हात धजत नव्हता." मी पोचेपर्यंत त्यांची सून वैरण टाकणार आहे.

सिनेमा पुन्हा लावला, पण शेवट मला विचारू नका. माझं लक्ष प्रसादकडे होतं आणि तो मधूनच हसत होता.

अक्षर येत नाही म्हणून मला माणसं वाचता येतात, अशी माझी आपली समजूत होती. पण माझ्या शिकल्यासवरल्या सुनेनं फाटलेली भाकरी वाचली. तिचे आभार मानायचे होते. ते तिच्याच हातानं लिहून घेतलेत, म्हणजे तोंडानं पुन्हा सांगायला नको.