जावयाचा पहिला मासा

ताईशी भांडायला बाजारात कुणी धजत नाही. एक तर तिची जीभ, आणि दुसरं म्हणजे ती बोलते तेव्हा तिच्या हातात कोयता असतो. मागच्या रांगेत नळाजवळ तिचा मासे कापायचा ओंडका आहे. हातभर लांब मरळ असो नाहीतर मांजराएवढा शिंगाळा, एका घावात मुंडकं बाजूला. एखादं गिऱ्हाईक म्हणालं, 'जरा बारीक तुकडे करा,' की ही विचारणार, 'का? घरात कुणाला दात नाहीत?' तरी लोक तिच्याकडेच येतात, कारण ती शिळा मासा ताजा म्हणून कधी देत नाही.

ती माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, आणि माझा संसार मोडला तेव्हा तिनेच मला सामानासकट घरी आणलं. 'नवरा सोडलास तर सोडलास, रडतेस काय? वल्हं धर,' म्हणाली. तेव्हापासून वल्हं माझ्याकडे. सकाळी आम्ही तिघं नदीवर. भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, पुढे बसून जाळं ओढणार, मी मध्ये बसून होडी सांभाळणार, आणि ताई मागे आमच्याकडे पाठ करून मासा निवडणार. दुपारी ती बाजारात. घर म्हणजे बर्फाच्या कारखान्यामागच्या दोन खोल्या. भिंतीला कायम ओल, पण कारखान्याची धडधड थांबली तर आम्हाला झोप लागत नाही.

भाऊजी म्हणजे नुसतं लोणी. उंदीर पिंजऱ्यात सापडला तर लांब नेऊन सोडून येणारा माणूस. ताई म्हणायची, 'यांच्या वाटणीचा राग देवाने मलाच देऊन टाकला.' तिच्या शिव्या खात हा माणूस हसत जेवायचा.

आता जावयाचं सांगते. आमच्या नदीत मगरी पहिल्यापासून आहेत. जाळ्यात मासा अडकला की त्या येतात, माशासकट जाळं फाडून नेतात. मग धक्क्यावरच्या कुणा शहाण्याने शोध लावला, की जाळ्यातला पहिला मासा काढून लांब फेकला तर मगर तो घेते आणि जाळ्याला तोंड लावत नाही. झालं! सगळ्या होड्यांनी तेच धरलं. आमच्या डोहात येणाऱ्या मगरीचं नाव पडलं जावईबापू. न बोलावता येतो, खाल्ल्याशिवाय हलत नाही, आणि खाऊनही तोंड वाकडंच! पहिला मासा जावयाचा, असा धक्क्यावर नियमच झाला. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात, इथे तर माशापेक्षा मोठं प्रकरण होतं.

बाकीचे लांबून फेकायचे. आमचे भाऊजी पडले प्रेमळ. ते मासा शेपटीला धरून पाण्यावर आपटायचे, थप थप थप, आणि जावई होडीला लागून डोकं वर काढायचा. त्याच्या खालच्या जबड्याची डावी कड कशात तरी अडकून तुटली होती. तिथले दात गेलेले, मांसही गेलेलं, नुसती खाच. 'बिचाऱ्याला नीट चावता येत नाही गं,' असं भाऊजी मला म्हणायचे आणि मासा थेट त्याच्या तोंडात सोडायचे. ताई वळूनही बघायची नाही. 'लाडावून ठेवा,' म्हणायची. 'मासे संपले की सासूला खाईल, मग कळेल.'

सासूला नाही खाल्लं त्याने.

त्या सकाळी नदीला पाणी कमी होतं आणि गारठा मरणाचा. जाळं ओढलं ते रिकामं. दुसरं ओढलं, त्यातही शेवाळ आणि एक फुटकी चप्पल. जावई मात्र वेळेवर हजर. डोकं बाहेर, डोळे भाऊजींवर. भाऊजी हसले. उजवा पंजा उघडून त्याला दाखवला आणि सवयीने तोच रिकामा पंजा पाण्यावर थापटला. 'आज उपास, बापू. काही नाही.'

अहो, पाण्यावर थाप मारली की खायला मिळतं, हे त्याला कुणी शिकवलं होतं? यांनीच ना!

त्याने कोपरापर्यंत हात तोंडात घेतला. भाऊजी ओरडलेसुद्धा नाहीत, नुसतं 'अगं' म्हणाले. छाती होडीच्या काठावर आपटली, होडी कलंडली, पाणी आत आलं. मग त्या जनावराने पाण्यात गिरकी घेतली आणि हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. अजून ऐकते. भाऊजी कमरेपर्यंत बाहेर ओढले गेले, डोकं पाण्याखाली. मी वल्ह्याने त्या पाठीवर मारत सुटले, पण दगडावर मारल्यासारखं. तेवढ्यात ताई माझ्या अंगावरून पुढे आली. एका हाताने तिने भाऊजींचा पट्टा धरला, दुसऱ्या हातात कोयता. एक घाव त्याच्या नाकाडावर बसला, दुसरा डोळ्यामागे. तिसरा जबड्यात असा रुतला की कोयता निघेचना. जावयाने पुन्हा गिरकी घेतली. कोयता गेला आणि हातही गेला. भाऊजी एकदम हलके होऊन आमच्या अंगावर पडले. खांद्याखाली चिंध्या लोंबत होत्या आणि रक्ताची चिळकांडी माझ्या तोंडावर उडत होती. ताईने जाळ्याची दोरी कापायला कोयता शोधला, तो नव्हता. मग दाताने तोडली ती दोरी! खांदा आवळून बांधला, गुडघा त्यावर दाबून बसली आणि माझ्यावर ओरडली, 'बघतेस काय भवाने, वल्हव!'

भाऊजी वाचले. डॉक्टर म्हणाले, त्या दोरीने वाचले.

दवाखान्यात धक्क्यावरची मंडळी भेटायला आली. त्यांच्यातला एक म्हातारा नावाडी, सगळे त्याला काका म्हणतात, तो खाटेशी उभा राहून म्हणाला, 'उपाशी जावयाला रिकामा हात दाखवू नये रे.' म्हणजे चूक कुणाची, तर भाऊजींची! ताईने सगळ्यांना तिथून हाकललं. पण दुसऱ्या दिवशीही त्यांचा पहिला मासा पाण्यात पडतच होता. सरकारी पिंजरा आला, त्यात एक कुत्रं अडकलं. पिंजरा परत गेला.

घरी आल्यावर भाऊजी नदीकडे पाठ करून बसायचे. शेजारीण मोरीत कपडे आपटायला लागली की ते दचकून डाव्या हाताने मोकळी बाही धरायचे. त्या आवाजाने ताईच्या डोक्यात तिडीक जायची. एक दिवस तिने शेजारणीचे कपडे उचलून रस्त्यावर फेकले. मग भाऊजींसमोर उभी राहून म्हणाली, 'त्या मेल्याचं मुंडकं तुमच्या पायाशी आणून टाकते. मग तरी बसाल ना होडीत?'

'नको,' भाऊजी म्हणाले. 'हात गेला तर गेला. तू गेलीस तर मी काय करू? मला हात नको, तू हवीस.'

इतकं सरळ ते लग्नापासून कधी बोलले नसतील. ताईचे डोळे भरले, पण ऐकेल ती ताई कसली! तिने लोहाराकडून पहारीला भाल्यासारखं टोक काढून आणलं, मागच्या टोकाला कडी बसवून घेतली, होडीत कुऱ्हाड ठेवली आणि रोज सकाळी मला घेऊन डोहात जायला लागली. मी नाही म्हटलं असतं तर एकटी गेली असती. भाऊजी दारात बसून राहायचे. आम्ही परत येईपर्यंत त्यांच्या चहावर साय धरलेली असायची. ते मला बाजूला घेऊन विचारायचे, 'आज तरी सोडते का नाद?' मी नाही म्हणून मान हलवायची. माणूस दिवसेंदिवस वाळत चालला होता, आणि तो हातामुळे नव्हे, हे मला दिसत होतं.

शेवटी एका सकाळी ताईने मरळ पाण्यावर आपटली, थप थप थप, आणि पाणी फुगलं. डोकं वर आलं, अगदी होडीला लागून. तोंड उघडलं. ताईने मरळ सोडली आणि दोन्ही हातांनी पहार घशात खुपसली.

मी पुष्कळ मारामाऱ्या पाहिल्यात, माझ्या नवऱ्याच्या घरात तर रोजच व्हायच्या. पण असं नाही पाहिलं. त्या जनावराने शेपटीने होडीची एक फळीच फोडली. पहारीच्या कडीची दोरी होडीला बांधलेली, त्यामुळे तो आम्हालाच घेऊन पळाला. ताई दोरी आवरायला गेली आणि दोरी व काठ यांच्यामध्ये तिची बोटं सापडली. दोन बोटं चिरडली. ती शिव्या देत होती, त्याला, मला, धक्क्यावरच्या सगळ्यांना. उथळ पाण्यात तो रुतला तशी तिने उडी मारली. मी किंचाळले. गुडघाभर चिखलात उभी राहून तिने कुऱ्हाड मानेवर घातली. त्याने डोकं फिरवलं, दात तिच्या खांद्यावरून ओरबाडत गेले, तरी ती मारतच होती. पाणी लाल, चिखल लाल, ती लाल. तो मेल्यावरही ती मारत होती. मी मागून तिला मिठी मारली तेव्हा कुठे कुऱ्हाड खाली आली. मग ती त्याच्या तोंडाशी वाकली, जरा वेळ तशीच राहिली आणि म्हणाली, 'बांध. धक्क्यावर न्यायचं.'

धक्क्यावर हीऽ गर्दी. काकाने टोपी काढली. कुणीतरी भाऊजींना घेऊन आलं. हात गेल्यापासून ते पहिल्यांदाच नदीवर येत होते. लोक बाजूला झाले. भाऊजी त्या धुडापाशी उकिडवे बसले आणि डाव्या हाताने त्यांनी त्याचं तोंड वळवलं. मी त्यांच्या मागेच उभी होते. खालच्या जबड्याची डावी कड मला स्वच्छ दिसली. अखंड होती! दाताला दात लागून पुरी रांग. 

भाऊजींनी त्या कडेवरून बोट फिरवलं. मग त्यांनी मान वर करून ताईकडे पाहिलं. चिंधी गुंडाळलेला हात, फाटलेला खांदा, आणि चांगल्या हातात अजून घट्ट धरलेली कुऱ्हाड.

'हाच,' भाऊजी म्हणाले.

'नक्की?' ताईने विचारलं.

'माझा हात खाल्ला त्याने, मी ओळखणार नाही? हाच तो. झालं आता. घरी चल.'

ताईने कुऱ्हाड टाकली आणि भर धक्क्यावर, सगळ्यांसमोर, लहान पोरीसारखी भोकाड पसरून रडली. भाऊजी तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

रडून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि मंडळींकडे वळली. 'यापुढे जो पाण्यात मासा फेकेल, त्याचा हात मीच तोडीन. मगरीची वाट बघायला नको!' पहिला मासा त्या दिवसापासून बंद झाला. जाळी फाटतात, आम्ही शिवतो. आणि दुसऱ्याच आठवड्यात भाऊजी आपणहून होडीत येऊन बसले. मला कळत होतं का ते. तो अजून पाण्यात होता, आणि ताईला त्या पाण्यावर एकटं सोडायला ते तयार नव्हते.

ते ओझं माझ्या एकटीच्या पोटात राहीना. बाजार उठल्यावर ताई नळाखाली ओंडका घासत होती, तेव्हा मी तिच्याजवळ बसले. 'ताई, एक सांगू? रागावू नकोस. तू मारलास तो...'

'तो नव्हता,' ताई म्हणाली. घासणं थांबलं नाही. 'मला काय सांगतेस? त्या तुटक्या खाचेतच माझा कोयता रुतला होता. मारल्या मारल्या बघितलं मी.'

'मग ते धूड ओढत आणलंस कशाला?'

'हे काय म्हणतात ते बघायला. नाही म्हणाले असते, तर मी दुसऱ्या दिवशी परत गेले असते. हाच म्हणाले.' तिने पाण्याचा तांब्या ओंडक्यावर ओतला. 'त्यांना मी हवीय. मग मी थांबले. आणि हे त्यांना सांगशील तर जीभ कापीन.'

मी कुठली सांगते!

परवाची गोष्ट. ऊन नुकतं आलं होतं. ताई आता पुढे बसून जाळं ओढते, भाऊजी मागून डाव्या हाताने दोरी धरतात. समोर पाण्यात काहीतरी वर आलं. आधी डोळे, मग नाकाड, मग तो जबडा. डावीकडे खाच, आणि खाचेच्या मागे जुन्या घावाचा पांढरा वण. तो थापेची वाट बघत होता. तिघांनीही पाहिलं. माझं वल्हं हवेतच राहिलं.

'लाकूड दिसतंय,' भाऊजी म्हणाले. 

ताईने जाळ्यातून मान वर केली, नीट बघितलं. 'हो,' ती म्हणाली, 'लाकूडच आहे.' मग माझ्याकडे वळून खेकसली, 'बघतेस काय भवाने? वल्हव!'