व्याह्यांचा खरारा

आमच्या व्याह्यांच्या मते जगात दुखणं एकच, घोडीपासून लांब राहणं. नावड्याला त्यांच्या दारात वरातीची पांढरी घोडी आहे, बत्ताशी. रोज सकाळी ब्रशने तिचं अंग घासून खरारा करायचा, हाच त्यांचा दवाखाना. आल्यागेल्याला लोक पाणी देतात, हे ब्रश देतात. बेलापूरच्या एका कारकुनाला झोप नव्हती. तो वरात ठरवायला आला आणि तासाभराने घामाघूम होऊन त्यांच्याच बाजेवर घोरत पडला. शेजारच्या सोसायटीतल्या एका बाईंना बीपी. "गोळी खावा बाई, पण घोडीच्या मानेवरनं चार हात फिरवून मग," म्हणाले. बाई अजून येतात. रागावरही तोच उतारा. "घोडीला घासावं. ती शेपटी मारती, फिट्टंफाट!"

माझा उजवा खांदा धरला तेव्हा मात्र मी त्यांना दाद दिली नाही. आम्ही साताऱ्याकडची माणसं. मार्केटात चाळीस वर्षं पाठीवर गोणी वाहिल्या, पण दुखतंय असं कुणाला म्हटलं नाही, की फेटा कुणाकडून बांधून घेतला नाही. त्यात धाकट्याचं लग्न दोन महिन्यांवर आणि हात कानाच्या वर जाईना. डॉक्टर म्हणाला, भिंतीवर बोटं चढवा. मी काय पाल आहे?

व्याह्यांनी ब्रश पुढे केला. मी म्हणालो, "लेकीला भेटायला आलोय, घोडी धुवायला नाही."

"मग तयार फेटा आणा पाव्हणं. टोपीगत डोक्यात घालायचा. मिळतो हल्ली."

झोंबलं. दुसऱ्या दिवशी सहाला मी घोडीपुढे उभा. आधी पोटापर्यंत हात पोचला, मग बरगड्यांवर, आणि महिना उलटल्यावर एकदा पाठीच्या पार पलीकडे गेला, तेव्हा व्याह्यांच्या आधी बत्ताशीच फुरफुरली. लग्नात फेटा मीच बांधला. तुरा जरा वाकडा होता, पण माझा होता.

आता व्याह्यांचे हात कापतात, ब्रश सुटतो. ते उलट्या बादलीवर बसतात आणि घोडीच्या दोन्ही अंगांना मीच खरारा करतो. परवा आवरून निघालो, तर घोडीकडे बघत म्हणाले, "पाठीवरनं अजून एकदा घ्या, पाव्हणं. तुमच्या खांद्यासाठी म्हणतो."

खांदा केव्हाच मोकळा झालाय.

"होय, दुखतोय खरा अजून," मी म्हणालो आणि ब्रश उचलला.